खुला फोल्डर

"फोल्डर उघडाच आहे, सर," विकास म्हणाला. "ऑफिसातला कोणीही आत जाऊ शकतो. आणि बघायला दिलं की खोडायलाही दिलं, अशी आपली व्यवस्था आहे."

मॅनेजर शरच्चंद्र साहेबांनी चष्मा काढला. कुंभिवलीच्या या पुठ्ठ्याच्या कारखान्यात कामगारांची सगळी माहिती त्या एका फोल्डरमध्ये होती. आजवर सगळे एकाच पासवर्डने कॉम्प्युटर उघडायचे. त्याची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवलेली, त्यामुळे चहा आणणाऱ्यालाही तो पाठ. विकासने आल्यावर ती चिठ्ठी काढली. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. स्वतःला 'विकास डी.' एवढंच ठेवलं. कोणी कुठली फाइल उघडली, कुठली ओळ बदलली, एवढ्याची नोंद आता मशीनच ठेवत होतं. फोल्डरला कुलूप घालायचं तेवढं राहून गेलं होतं.

त्या नोंदीत ऑफिसातल्या जुन्या कारकून आसावरीताईंचं नाव निघालं. धाऊच्या फाइलमधली वारसाची ओळ त्यांनी पुसून टाकली होती.

धाऊ हा कशेळ्याकडच्या वाडीवरचा म्हातारा. मागच्या बाजूला गठ्ठे उचलायचा, आवार झाडायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. नुकताच त्याचा हात मशीनमध्ये जाता जाता वाचला होता. अशा माणसाचा वारस कोणी गुपचूप पुसतं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं साहेबांना वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

त्यांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. ताईंनी नाकारलं नाही, पण कारण सांगायला तयार होईनात. मग उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं.

विकासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे काम त्याला ताईंनीच बोट धरून शिकवलं होतं. शिवाय एक गोष्ट त्याने साहेबांना सांगितली नव्हती. धाऊची फाइल त्या सकाळी त्यानेही उघडली होती. कशासाठी, हे तो स्वतःशीही धड कबूल करत नव्हता. फाइल मिटल्यावर त्याने नोंदीतून आपलं नाव काढून टाकलं. त्याला ते जमत होतं; राखणदारावर राखण नव्हती. ताईंचं नावही त्याने काढलं असतं, पण तोवर साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

तो ताईंना बाहेर पॅसेजमध्ये गाठून म्हणाला, "सांगून टाका ना कारण."

"शब्द दिलाय रे कोणाला तरी," ताई म्हणाल्या. "तू तर विचारूच नकोस."

ताई निघण्याआधी साहेबांनी खात्रीसाठी धाऊलाच बोलावून घेतलं. विकासला कॉम्प्युटरवर बसवलं, ताईंना समोर उभं केलं. धाऊ चपला बाहेर काढून दारातच थांबला. आत या म्हटलं तरी आला नाही.

"तुमच्या वारसाचं नाव या बाईंनी पुसलंय. ठाऊक आहे?"

"बाईंचा दोष नाय, साहेब. मीच हात जोडून सांगितलं, पोराचं नाव काढा म्हनून."

"का? मुलगा बघत नाही तुम्हाला?"

"चांगला हाय ओ. शिकलाय, खुर्चीवर बसतो." धाऊने फडक्याने हात पुसले. "ती फाइल कोनीबी उघडतो म्हनं. कोनी वाचलं तर त्याला खाली बघाया लागंल."

साहेब खुर्चीतून उठले. मग त्यांनी ताईंची माफी मागितली, कामावर या म्हणाले. मात्र वारस नाही असं चालणार नव्हतं. धाऊने मुलाचं नाव सांगावं, विकासने ते पुन्हा भरावं आणि फोल्डरला आजच कुलूप घालावं, असं त्यांनी फर्मावलं.

"नको साहेब," धाऊ भिंतीकडे बघत म्हणाला. "कोनी नाय असं लिवा."

ताईंनी मान खाली घातली. साहेब थांबले होते. विकासला शरमेने समोरचं नीट दिसेना. मग त्याने कीबोर्ड जवळ ओढला आणि बापाकडे न बघता तिथे स्वतःचं नाव लिहिलं.