सीलबंद चष्मा

"तीन दहा ते तीन पन्नास," डॉ. ढवळे म्हणाले. "चाळीस मिनिटं तू तो चष्मा लावून बसलीस. खालच्या वॉर्डातली पेशंट छबूबाई बेल दाबून दाबून शेवटी स्वतःच उठली आणि पडली. खुबा मोडला तिचा."

"मी लावला न्हाई," सुरेखा म्हणाली. "मी वरच्या मजल्यावर सलाईन बदलत हुते. रात्रीचे डॉक्टर तुमीच होता ना, सर? चार फोन केले. एक तरी उचलला का?"

"माझ्या खोलीत नेटवर्क नसतं."

मेट्रन विजयमालाबाईंसमोर सुरेखाला कामावरून काढण्याचा कागद तयार होता. फक्त सही राहिली होती. शेजारी पिशवीत तो व्हीआर चष्मा. सकाळी सहाला मेट्रननीच तो विश्रांतीच्या खोलीतून उचलून सील केला होता.

जामखेडच्या त्या रुग्णालयात झोपेचा अभ्यास करायला आलेली सृष्टी लॅपटॉप उघडून बसली होती. रात्रपाळी संपवून घरी जाताना सिस्टरांनी वीस मिनिटं चष्म्यात धबधबा बघायचा, म्हणजे दिवसा झोप लागते, असा तिचा प्रयोग. तिच्याकडे वेळेची नोंद होती; तीन पन्नासनंतर तो वापरलाच गेला नव्हता. चष्मा कुणी लावला, याची नव्हती.

"बत्तीस पेशंट, दोन मजले, सिस्टर एक," सुरेखाचा आवाज चढला. "दुसरी सिस्टर द्या म्हणलं, तर धबधबा दिला! आन् आता त्यातच बुडवायलेत मला!"

"तोंड बघा हिचं!" डॉक्टर म्हणाले. "मॅडम, सही करा. त्या खेळण्याला मी कधी हातसुद्धा लावलेला नाही. हिच्याशिवाय दुसरं होतं कोण?"

मेट्रननी पेन उघडलं.

"मॅडम, एक मिनिट," सृष्टी म्हणाली. "हा सुरेखाताईंना लावून बघू?"

मेट्रननी मान हलवल्यावर तिने सील फोडलं. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर वेगळं. लेन्स हाताने सरकवून आपल्या मापाला लावायच्या, आणि शेवटी ज्याने लावला त्याच्याच मापावर त्या राहायच्या; रोज पुढच्या सिस्टरसाठी ती त्या सरकवून द्यायची. आज तिने लेन्सना हात लावला नाही.

"काय दिसतंय, ताई?"

"काय बी न्हाई. समदं पुसट. एकाचे दोन दिसायलेत."

सृष्टीने मेट्रनकडे पाहिलं. ती काही बोलणार, तेवढ्यात डॉक्टर ताडकन उठले.

"पुसट! खोटं तरी किती बोलावं माणसानं!" त्यांनी सुरेखाच्या डोक्यावरून चष्मा ओढून काढला आणि स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. "कुठे पुसट आहे? पानावरचा थेंब न् थेंब स्वच्छ दिसतोय मला!"