मोहेंजोदडोचा हौद

केबलवरचा सिनेमा सोडून मी आठवडाभर शाडूच्या मातीचं मोहेंजोदडो केलं. गटारं, कोठारं, मधोमध महास्नानगृह आणि पुढे पाटी: 'मोहेंजोदडोचा उदय'. शाळेच्या प्रदर्शनात पहिला नंबर माझाच, असं आमच्या खांदेश्वरच्या अख्ख्या सोसायटीला सांगूनही टाकलं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं आणि साताऱ्याहून आलेल्या मुक्ताआत्याने रिकामं दिसेल ते सगळं भरून ठेवलं.

"आत्या, माझ्या मोहेंजोदडोत पाणी कुणी ओतलं?"

"मधला हौद कोरडा दिसला, म्हून भरला गं. तुमच्याकडं पानी परत कवा येतंय, काय भरवसा?"

प्रदर्शन तासाभरावर आलं होतं आणि पाटीमागे नुसता चिखल उरला होता.


मी पाटीवरचा 'उदय' खोडून 'अस्त' लिहिलं, आणि पहिला नंबर खरंच माझाच आला.