क्रौंचाचा दगड

"एका क्रौंचाची गोष्ट लिहायला वासराचं कोरं कातडं मागतोस?" मठाधिपती गॉत्स्बर्ट यांनी हातातला पाव खाली ठेवला. "अन्सफ्रिड, इथं स्तोत्रांना पानं पुरत नाहीत!"

"कोरं नको, बाबा. जुनी अक्षरं खरवडलेलं चालेल."

पर्वतापलीकडच्या मठातून प्राण्यांच्या लॅटिन बोधकथांचे पुस्तक उसने आले होते. ते आणणारा बंधू लुपो दुसऱ्या दिवशी ते घेऊन परत निघणार होता. ग्रंथपाल अन्सफ्रिडला त्यातल्या साऱ्या कथा पाठ होत्या. एकच अनोळखी होती. थवा निजला की पहाऱ्यावरचा क्रौंच एका पायात दगड धरी. डुलकी लागली तर दगड पडून जाग यावी म्हणून. शरदात थवा निघाला. सोबत्यांनी विनवले, "आता टाक तो दगड आणि चल." क्रौंच म्हणाला, "माझ्याकडून तो कधी पडलेला नाही." पुढे बर्फातही तो तसाच उभा राहिला, एकटा, निर्दोष.

"ही कथा प्राचीन कशावरून?" मठाधिपतींनी विचारले.

"रचनेवरून. एक शब्द हलवून पाहा, सगळं कोसळतं. आजच्यांना हे साधत नाही. आजच्या कुणाची निघाली, तर माझी लेखणी काढून घ्या."

"घेईन हं! मग करशील काय? तुझ्याशी बोलतं तरी कोण?"

ते खरेच होते.

प्राचीनांचे जपावे आणि आजच्यांचे खरवडून पान पुन्हा वापरावे, हा मठाचा नियम. तो त्याने उभा जन्म चोख पाळला होता. लेखनशाळेत मौन असे. मूर्तिपूजकांच्या काळचे पुस्तक हवे असेल तर कुत्र्यासारखा कान खाजवायचा, अशी खूण होती. शेजारच्या मेजावरचा हिल्डेमार त्यासाठी चक्क तंगडी वर करून दाखवी. अन्सफ्रिड मान फिरवी. एका शरदात हिल्डेमार मठ सोडून गेला. ते मेज नंतर कुणी घेतले नाही.

लुपो अंगणात खेचराला चारा घालत होता. "ही प्रत कुणाच्या हातची?" अन्सफ्रिडने विचारले.

"होता आमच्याकडं एक म्हातारा. गेल्या हिवाळ्यात वारला बिचारा. क्रौंचाच्या कथेपाशी आला की एकटाच हसत बसायचा. मी म्हटलं, अहो, यात हसण्यासारखं काय आहे? तर म्हणे, त्या क्रौंचालाच विचार."

नक्कल करणाऱ्यांना अर्थ कुठे कळतो, असे मनाशी म्हणत अन्सफ्रिड आत गेला.

पेटीतून त्याने एक खरवडलेले पान काढले. जुन्या रेघा अजून उमटलेल्या होत्या. त्याने लिहायला घेतले. क्रौंच बर्फात उभा राहिला तिथे त्याचा हात थांबला. कोणी एक रोमन, हजार वर्षांपूर्वीचा, जणू अन्सफ्रिडलाच ओळखत होता. कितीतरी काळाने शेजारी कुणीतरी बसले आहे, असे त्याला वाटले.

कथा पानात इतकी नेमकी बसली, की शेवटचा शब्द शेवटच्या रेघेवर संपला.

पडताळून पाहण्यासाठी त्याने पान खिडकीच्या उजेडात धरले. त्याच्या काळ्या अक्षरांखाली खरवडलेल्या शाईच्या तपकिरी सावल्या उमटल्या: क्रौंचाखाली क्रौंच, दगडाखाली दगड. त्यांवरून फिरलेल्या चाकूचे सरळ, काटेकोर फटकारे त्याचे स्वतःचेच होते. आणि अगदी तळाशी, चाकू पुरता पोचला नव्हता तिथे, एक इवलेसे कुत्रे तंगडी वर करून कान खाजवत होते.