चौदाशेची मर्यादा

"पाचव्यांदा अडकलं," खुशबू सिस्टर म्हणाली.

संगणकाच्या पडद्यावर ईसीजी पाठवल्याचा हिरवा पट्टा अर्ध्यावर थांबला होता. मागे पलंगावर पार्वताबाई छाती धरून पडल्या होत्या. त्यांचा ईसीजी भंडाऱ्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी पाहून सांगितलं, तरच दवाखान्याची एकुलती अ‍ॅम्ब्युलन्स सोडायची होती. डॉक्टरीणबाई आत बाळंतपणात अडकलेल्या. मोबाइलचा टॉवर सकाळपासून बंद. लँडलाइन तेवढी चालू.

प्रफुल्ल लाखांदूरच्या एसटीतून उतरून बॅगसकट धावतच आला होता. गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या इंटरनेटचा नवा राउटर त्यानंच बसवला होता. चूक कोणाची, हे विचारायची गरज नव्हती.

आधी त्याला फाइलचीच शंका आली. म्हणून सिस्टरनं त्यालाच बाकावर निजवून, तारा लावून, दुसरा ईसीजी काढला. तोही अर्ध्यावर अडकला. म्हणजे दोष रस्त्यातच होता.

"नुसती चिठ्ठी लिहिली तर जाते. मग हे काहून जात नाही?" सिस्टरनं विचारलं.

"माहिती पाकिटांमधून जाते. लहान पाकिटं जातात. मोठी वाटेतल्या एका राउटरमध्ये मावत नाहीत. त्यांच्यावर 'तुकडे करू नका' असं लिहिलेलं असते, म्हणून तो तोडत नाही, सरळ फेकून देते. फेकलं असा निरोपही धाडते, पण तो निरोप मी बसवलेल्या राउटरनंच अडवला."

"मंग आता?"

"केवढं मावते ते शोधून राहिलो."

दारातून सुखराम, पार्वताबाईंचा नवरा, हळूच म्हणाला, "साहेब, हिचे हात थंडे पडले जी."

प्रफुल्ल मान वर न करता एकेका मापाचं कोरं पाकीट धाडून पाहत होता. १४७२. उत्तर नाही. १४२०. नाही. बोटं घामानं घसरत होती. सकाळपासून उपाशी असल्यानं मळमळतही होतं. ही बाई गेली तर आपल्यामुळे जाईल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

१३७२. उत्तर आलं.

वरचं अठ्ठावीसचं वेष्टन धरून चौदाशे. त्यानं राउटरची मर्यादा पंधराशेवरून चौदाशेवर आणली. पट्टा हलला. अर्धा ओलांडला. पूर्ण झाला. मागोमाग दुसरा ईसीजीही गेला.

पाच मिनिटांनी फोन वाजला. सिस्टरनं धावत जाऊन उचलला.

"हो सर. दोन्ही आले ना? ... पार्वताबाईंचा नॉर्मल? ... पित्त? बरं सर, देते गोळी."

सुखराम पार्वताबाईंच्या उशाशी जाऊन बसला. प्रफुल्लनं लॅपटॉप बॅगेत भरला आणि बॅग उचलली. दोनची एसटी अजून मिळाली असती.

"दुसरा, सर? नाही, तो तर..." सिस्टर बोलता बोलता थांबली. ऐकता ऐकता तिची नजर प्रफुल्लकडं वळली. मग तिनं रिसीव्हरवर हात ठेवला.

"प्रफुल्लदादा, बॅग खाली ठेवा. हळूच. अन् जागचे हलू नका, अ‍ॅम्ब्युलन्स तुमच्यासाठी सोडून राहिलो."