पुष्य नक्षत्राचे थेंब

पुष्य नक्षत्र होतं, म्हणून वैद्यांच्या अंगणात सुवर्णप्राशनासाठी मुलांना घेऊन आयांची रांग लागली होती. मी मुलीला आणलं नव्हतं. ती इस्पितळात होती.

वर्षभर तिचं पोट दुखत होतं, चेहरा पांढरा पडत चालला होता, शिकलेली अक्षरं ती विसरू लागली होती. एका डॉक्टरांनी जंत म्हटलं, दुसऱ्यांनी शाळेची भीती. या वैद्यांनी तर मलाच सुनावलं होतं, "बाई, कॉलेजात शिकवणं कमी करा, पोरीकडे बघा." आणि सुवर्णप्राशनाचे हेच थेंब रोज द्यायला बाटली हातात ठेवली होती. शेवटी तिच्या रक्तात शिसं सापडलं. मग मी ती बाटली प्रयोगशाळेत नेली.

माझा नंबर आल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आधी तुमच्या नातीला पाजा." ते कचरतील आणि रांग ते बघेल, एवढंच मला हवं होतं.

ते हसले. "चिऊ, ये गं. या बाईंना शंका आहे." नातीने येऊन सवयीने आ केला.

गप्प राहणं सोपं होतं. थेंब चमच्यात पडेपर्यंत मी गप्पच राहिले.

मग मी चमच्यावर हात ठेवला. "यात शिसं आहे. मी तपासून घेतलंय. माझ्या मुलीच्या रक्तातही तेच आहे."

रांगेतल्या आया मुलांना मागे ओढू लागल्या. वैद्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते नातीकडे बघत होते.

"हिला मी जन्मापासून देतोय," ते म्हणाले.

"आम्हाला डॉक्टर शोधत फिरावं लागलं," मी म्हणाले. "तुम्हाला पत्ता देते."