मशीनरूममधली परीक्षा

मॉड्यूलवरचा दिवा नारिंगी होऊन तिथेच अडकला होता आणि वस्ताद मनातून खूश होते. तो हिरवा होऊ नये याची सोय त्यांनी सकाळीच करून ठेवली होती.

"राउटर चालू आहे," ते समोरच्या बाईंना म्हणाले. "पण त्यात बसवलेलं हे जादा मॉड्यूल सुरू होत नाही. का होत नाही ते शोधा. घाई नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाह्या दुमडल्या.

वस्तादांची ही परीक्षा साऱ्या ऑफिसात गाजलेली होती. मदतनीस म्हणून येणाऱ्यांची प्रमाणपत्रं ते बघतच नसत. वापरातून काढलेला एक जुना राउटर होता, त्यात एक मेख मारून ठेवायची आणि उमेदवाराला समोर बसवायचं. पास होणारे थोडे, पास होऊन टिकणारे त्याहून थोडे. तिघे मदतनीस आले आणि गेले. शेवटचा तर थोरल्या साहेबांना सांगून गेला, की वस्तादांच्या हाताखाली राबण्यापेक्षा घरी बसलेलं परवडलं. वस्तादांच्या मते हल्लीच्या पोरांना कामच नको होतं.

थोरले साहेब मात्र सकाळी स्पष्ट बोलले होते. टेबलावरच्या फायली खोक्यात भरता भरता, वर न बघता. "वस्ताद, हा शेवटचा उमेदवार. या वेळीही जमलं नाही तर मशीनरूम बाहेरच्या कंपनीकडे जाईल आणि तुम्ही स्टोअरमध्ये."

केबिनला रंग काढायचा असेल, एवढंच त्या खोक्यांकडे बघून वस्तादांच्या मनात आलं. पण स्टोअर म्हटल्यावर ते तडक मशीनरूममध्ये येऊन जुना राउटर उघडून बसले होते. ही खोली त्यांनी एकेक केबल ओढून उभी केली होती. तिथला प्रत्येक पंखा ते आवाजावरून ओळखत.

बाईंचे केस कानापाशी पिकले होते. मदतनीस व्हायला वय जरा जास्तच, पण हात सरावाचे. त्यांनी आधी वीज पाहिली, मग लॅपटॉपची केबल मॉड्यूलला जोडली आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळी शांतपणे वाचल्या.

"सुरू होताना जी फाइल उचलायची, तिचं नावच चुकीचं भरलंय."

वस्तादांची भुवई वर गेली. मेख तीच होती. "मग?"

"नाव दुरुस्त केलं. पण मॉड्यूल एकदा बाहेर काढून धूळ बघते, मगच चालू करते." बाईंनी राउटर बंद केला आणि मॉड्यूल काढून टेबलावर ठेवलं. "थोडं पाणी मिळेल?"

"मशीनरूममध्ये पाणी चालत नाही, ताई. बाहेर खिडकीत ठेवतो," म्हणत वस्ताद स्वतःच उठले. इतक्या झटपट मेख पकडणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. त्याच्यासाठी पाणी आणण्यात काही कमीपणा नव्हता.

ते परतले तेव्हा बाई मॉड्यूल आत सरकवत होत्या. त्यांनी स्क्रू आवळले आणि बटण दाबलं.

दिवा हिरवा झाला नाही. नारिंगीही झाला नाही. पडद्यावर एक अक्षर उमटेना.

"अरेच्चा," बाई म्हणाल्या. "तुम्ही असता तर आता काय केलं असतं?"

वस्तादांना कुणी असं विचारायचीच खोटी. "सरका," म्हणून त्यांनी खुर्ची ओढली.

आधी त्यांनी केबल बदलली. मग मॉड्यूल दुसऱ्या खाचेत घातलं, मग शेजारच्या राउटरमध्ये. "जागा बदलली तरी हे गपगार. म्हणजे दुखणं यातच आहे, राउटरला उगीच बोल लावायचा नाही," ते म्हणाले. बाई मधूनमधून विचारत होत्या, ते सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांना गंमत वाटू लागली. कुणाला असं शिकवून बरेच दिवस झाले होते.

"आधीचे मदतनीस का गेले?" बाईंनी सहज विचारलं.

"आपली चूक कबूल करायला नको त्यांना," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी मॉड्यूल उजेडात धरलं.

मेमरीची पट्टी एका बाजूने वर आली होती. तिकडची क्लिप उघडी होती.

पट्टी सकाळी त्यांनीच बसवली होती. दोन्ही क्लिपा लागल्याचा आवाज आला होता का, ते काही केल्या आठवेना. इतका वेळ कशीबशी टेकून राहिली असेल आणि मॉड्यूल काढताना सुटली असेल.

'तुमच्या हाताचा धक्का लागला' हे वाक्य ओठांवर आयतंच आलं. शेवटच्या पोरावर त्यांनी असंच खापर फोडलं होतं. बायको नेहमी म्हणायची, "पडलात तरी नाक वर." वस्तादांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी क्लिप दाबली. कट्‌कन आवाज आला. मॉड्यूल घातलं, बटण दाबलं. दिवा नारिंगी झाला आणि थोड्या वेळाने हिरवा.

"हे परीक्षेतलं नव्हतं," ते म्हणाले. "पट्टी मी नीट बसवली नव्हती. चूक माझी. तुम्ही पास आहात, ताई. फक्त सांभाळून घ्या, मी जरा तोंडाळ आहे."

बाई हसल्या. "साहेबांना सांगायला या. मी पुढे होते."

वस्तादांनी खोलीला कुलूप लावलं. खिडकीत पेला तसाच भरलेला होता. गडबडीत विसरल्या असतील, असं म्हणून त्यांनी तो उचलला आणि केबिनकडे निघाले. खोली वाचली होती आणि वर चांगला हात मिळाला होता. दुधात साखरच म्हणायची.

केबिनचं दार उघडं होतं. खोकी दाराशी रचलेली, साहेब बाजूला उभे, आणि त्यांच्या खुर्चीत बाई.

"या वस्ताद," साहेब म्हणाले. "माझी बदली झाली. उद्यापासून तुमच्या साहेब या."

"मशीनरूम बाहेर जाणार नाही," बाई म्हणाल्या. "मदतनीसही देऊ तुम्हाला, चांगला."

वस्तादांनी हातातला पेला पुढे केला. "तुमचं पाणी राहिलं, मॅडम."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "मला मुळात तहान लागलीच नव्हती."