दुसरी शेगडी

रश्मीनं जुनी घेतलेली मोटरहोम भांडगावच्या गॅरेजात उभी होती. आतली शेगडी नीट पेटत नव्हती. जॉन्सनमामांनी रेग्युलेटर बदलला, नळी बदलली, भरलेला सिलेंडर लावला, तरी ज्योत वर येईना.

एकाच सिलेंडरवर दुसरी शेगडी पेटवली की पहिलीची ज्योत अशीच खाली बसते. मामांना संशय आला.

"ताई, दुसरी शेगडी कुठं लपवलीय?"

"एकच हाय, मामा." पण बोलताना ती मागच्या पडद्याकडं बघत होती.

मामांनी पडदा सारला. मागं नुसता रिकामा पलंग होता, नळी तिकडं गेलीच नव्हती. त्यांनी पडदा सोडला.

तेवढ्यात ज्योत भक्कन मोठी झाली. मामा हसले. "झालं बघा काम."

रश्मी दाराकडं सरकली.

"म्हंजी तिचा सैपाक झाला," ती पुटपुटली.

पडद्याआड कुणीतरी ताटं मांडू लागलं.